सहभागी क्रमांक सात

तार्तूला फेब्रुवारीत उजाडतं
ते उजाडल्यासारखं नसतं.
एमायोगी नदी गोठलेली, काचेवर आमच्याच श्वासांची वाफ,
आणि दोन खोल्यांमध्ये एक भिंत,
प्लायवूडची, पातळ.

पलीकडे टेबलावर पांढरा डबा.
तो बोलतो, असं आम्ही लोकांना सांगतो.
खरं तर आत एक स्पीकर, एक दिवा, बाकी पुठ्ठा.
न बनलेलं यंत्र कुणाला चालेल का, हे बघायचं
तर तोवर कुणीतरी यंत्र व्हावं लागतं.
या सत्रात मी आहे.

काद्रीने नियम लिहून चिकटवलेत की-बोर्डच्या वर:
उत्तर दोन सेकंदांत.
वाक्यं यादीतलीच.
दया नाही, विनोद नाही, साधं 'हं'सुद्धा नाही.
ताकाला तूर लागू द्यायची नाही.

तशी सहा माणसं पार पडली.
एकजण डब्याशी ओरडून बोलला, बहिऱ्याशी बोलावं तसा.
एका निवृत्त सर्वेअरने मला तीनदा मूर्ख म्हटलं.
मी नोंद केली: 'तीनदा.'
रात्री जेवताना ते आठवलं. ती नोंद नाही केली.

सातव्या आस्ता कोप्पेल, वय एक्क्याऐंशी.
कोट अंगातच ठेवला.
हातमोजे काढले, जोडी नीट जुळवली
आणि डब्यावर ठेवून दिले.
दिवा झाकला गेला.
(त्या दिव्यावरून आम्ही तीन आठवडे भांडलो होतो,
निळा की पिवळा.)

"सकाळच्या गोळ्या घेतल्या का?" डबा म्हणाला, म्हणजे मी.
"दोन पांढऱ्या घेतल्या. गुलाबी नाही.
ती घेतली की स्वप्नं पडत नाहीत."

यादीत स्वप्नं नव्हती.
वर गेलो, खाली आलो. झोप होती, भूक होती,
चक्कर होती दोन प्रकारची.
तीन सेकंद. चार. सहा.
"समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.
खुर्ची उचलून फिरवली,
डब्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड.
"तिकडे हीटर नाही ना? पाय गार पडले असतील."

मग भिंतीलाच सांगितलं,
व्होरूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणीस वर्षं.
खुंटी या भोकातून काढायची, त्या भोकात घालायची.
लोक म्हणायचे, बाई नका बोलू, पार्नू जोडा.
"एकजण दर गुरुवारी रात्री एकच नंबर मागायचा.
तिकडे कुणी उचलत नसे.
नियम बारा घंट्यांचा होता. मी वीस होऊ द्यायची.
वीस घंट्या म्हणजे काय असतं, ते त्याला ठाऊक होतं आणि मला.
ठाऊक आहे हे कधी बोललो नाही."

थोडं थांबून,
"यंत्राला माहीत नसलं की ते लगेच सांगून मोकळं होतं.
तू शोधत होतास."

काचेपलीकडून काद्रीने मान हलवली: नको.
घड्याळात एकोणतीस मिनिटं.
मी काय टाइप केलं ते नोंदीत आहे, लपवलेलं नाही.
'हो. गार आहेत.'
पुठ्ठ्यातल्या त्या सपाट आवाजात
ते इतकं विचित्र वाटलं
की आम्ही दोघंही हसलो, भिंतीच्या दोन्ही बाजूंना,
आणि माझं हसू पलीकडे गेलं. प्लायवूड पातळच होतं.

अहवालात एक ओळ:
सहभागी क्रमांक सात, माहिती ग्राह्य नाही.
आणि निरीक्षणांत, अगदी खाली:
लोक डब्यावर वस्तू ठेवतात.

म्हणून पुढच्या नमुन्यात माथा उतरता केलाय.
हातमोजे ठेवले तर घसरतील, दिवा दिसत राहील.
बैठकीत सगळ्यांनी हात वर केले.
मी केला नाही.
कारण काय, काद्रीने विचारलं, पेन उघडून, मनापासून.
मी शोधत राहिलो.
तीन सेकंद. चार.